रेडरला टाळ्या मिळतात, पण सामना कोण जिंकवतं? कबड्डीचा संघ असा पारखा

बीड जिल्ह्यातले नावाजलेले खेळाडू कोण, असं विचारलं की दोन नावं लगेच पुढे येतात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आणि पाटोद्याचा राहुल आवारे. साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं. आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात कुस्तीचं सुवर्ण आणलं. एक लष्करात गेला, दुसरा महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक झाला.

या दोघांच्या खेळात एक गोष्ट सारखी आहे. धावपटू किती चांगला आहे ते घड्याळ सांगतं, पैलवान किती चांगला आहे ते कुस्तीचा निकाल सांगतो. गावात कुणाची ओळख नसली, कुणी शब्द टाकणारा नसला तरी आकडा समोर असतो.

कबड्डीत तसं नाही. मैदानावर सात जण असतात, संघात बारा. एखाद्या पोराच्या नावापुढे सामन्याअखेर शून्य गुण असू शकतात आणि तरी संघ त्याच्यामुळेच जिंकलेला असू शकतो. हे ज्याला वाचता येत नाही, तो निवड करायला बसला की रेडर निवडतो आणि कॉर्नरला घरी पाठवतो.

म्हणून हा लेख. कबड्डीचा संघ बघताना चढाई कशी मोजायची, बचावाची साखळी कशी ओळखायची आणि या दोन गोष्टी एकमेकींवर कशा अवलंबून असतात, ते समजून घेऊ.

आधी नियमांची थोडी उजळणी

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं, महिलांचं १२ बाय ८. मधोमध मध्यरेषा. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते आणि तिच्या पुढे १ मीटरवर बोनस रेषा. दोन्ही कडेला एकेक मीटरची लॉबी असते. रेडर आणि बचावपटूंची झटापट सुरू झाली की लॉबीही मैदानात धरली जाते, तोपर्यंत ती मैदानाबाहेर.

चढाई ३० सेकंदांची असते. रेडरने निदान रेषा ओलांडली पाहिजे किंवा कुणाला तरी स्पर्श केला पाहिजे, नाहीतर तोच बाद. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी रेडरला पकडलं तर ती अव्वल पकड, म्हणजे एकाऐवजी दोन गुण. पूर्ण संघ बाद झाला की लोण, त्याचे जादा दोन गुण. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. स्थानिक स्पर्धांत यातले कोणते नियम लावले आहेत, ते सामना सुरू होण्याआधी पंचांना विचारून घेतलेलं बरं.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचा नियम ठाऊक असतो, पण त्याचा अर्थ फारसा कुणी लावत नाही.

बाद झालेला रेडर परत येतो कसा?

बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो. त्याच्या संघाने समोरच्या संघाचा एक गडी बाद केला की बाहेर बसलेला एक जण आत येतो. यात तीन बारकावे आहेत.

पहिला, बोनस गुणावर कुणी आत येत नाही. गुण वाढतो, पण माणूस वाढत नाही.

दुसरा, जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. रांग मोडता येत नाही. तुमचा सगळ्यात चांगला रेडर रांगेत तिसरा असेल तर त्याला आत आणायला तीन गडी बाद करावे लागतात.

तिसरा, चढाया आलटून पालटून होतात. समजा तुमचा रेडर पकडला गेला. लगेच समोरचा रेडर तुमच्याकडे येणार. तुमच्या बचावाने त्याला तिथेच धरला आणि बाहेर दुसरं कुणी बसलेलं नसेल, तर तुमचा रेडर लगेच आत. पुढची चढाई पुन्हा तोच करणार. म्हणजे तो बाद झाला खरा, पण त्याची एकही चढाई बुडाली नाही.

आता उलटं धरा. बचावाला पकड जमत नाही आणि दुसऱ्या रेडरलाही गडी बाद करता येत नाही. अशा चार फेऱ्या गेल्या की साधारण चार मिनिटं गेली. ४० मिनिटांच्या सामन्यात तुमचा हुकमी एक्का चार मिनिटं टॉवेल घेऊन बाहेर बसला. असं तीनदा झालं तर बारा मिनिटं.

थोडक्यात, रेडरने किती गुण घेतले हे जितकं त्याच्या पायावर आणि दमावर अवलंबून असतं, तितकंच तो किती वेळ मैदानावर होता यावर असतं. आणि तो किती वेळ मैदानावर राहील, हे मुख्यतः मागची साखळी ठरवते.

अमेरिकन फुटबॉल नावाचा खेळ आहे, त्यात हेच फार स्पष्ट दिसतं. तिथे चेंडू घेऊन पळणाऱ्याचं नाव होतं, पण त्याच्यासाठी वाट मोकळी करणारे पाच धिप्पाड गडी पुढे असतात आणि त्यांच्या नावावर गुण जवळपास कधीच लागत नाहीत. प्रेक्षक चेंडूकडे बघतात, प्रशिक्षक त्या पाच जणांकडे. कबड्डीत साखळीचं काम वेगळं, पण तिच्या वाट्याला येणारं दुर्लक्ष तेच.

रेडरचे गुण कसे वाचायचे?

एक हिशेब करून बघू. समजा दोन संघांचे मुख्य रेडर आहेत. पहिल्याने २२ चढाया केल्या आणि १४ गुण घेतले, त्यातले ६ बोनस. तो ६ वेळा पकडला गेला. दुसऱ्याने १४ चढाया केल्या आणि १० गुण घेतले, त्यातले २ बोनस. तो ३ वेळा पकडला गेला.

गुणफलकावर पहिला मोठा दिसतो. १४ विरुद्ध १०. हार त्याच्याच गळ्यात पडणार.

आता बोनस बाजूला काढा. दोघांनीही ८ गडीच बाद केले. पहिल्याला त्यासाठी २२ चढाया लागल्या, दुसऱ्याला १४. पहिला साधारण दर चौथ्या चढाईला पकडला गेला, दुसरा दर पाचव्या चढाईला. म्हणजे चढाईगणिक दुसरा सरस आहे. मग त्याला चढायाच कमी का मिळाल्या? कारण तो बाद झाल्यावर त्याचा संघ त्याला आत आणू शकला नाही. ही त्याची कमजोरी नव्हे, त्याच्या मागच्या सहा जणांची आहे.

पहिल्या रेडरच्या संघाचा अर्थही आता वेगळा लागतो. रेडर सहादा पकडला जाऊनही २२ चढाया करतो, म्हणजे त्याची साखळी त्याला पटापट परत आणते आहे. त्या संघातला खरा हिरा कदाचित कॉर्नरला उभा आहे.

बोनस वाईट असतो असं नाही. समोर सात जण उभे असताना पाय टाकून गुण काढणं हे कौशल्यच आहे आणि अटीतटीच्या सामन्यात तोच एक गुण निकाल फिरवतो. फक्त बोनसवर जगणाऱ्या रेडरमुळे बाहेर बसलेले साथीदार आत येत नाहीत, हे लक्षात ठेवायचं.

गुण कधी आले, तेही बघा. समोर दोन-तीनच गडी उरले असताना घेतलेला गुण आणि सात जणांच्या भरलेल्या मैदानात घेतलेला गुण, फलकावर सारखेच दिसतात. तिसऱ्या चढाईला, जिथे रिकामं परतता येत नाही, तिथे कोण जातो आणि काय करून येतो, यावरून रेडरचं मन कळतं.

शेवटी, मुख्य रेडर बाहेर असताना काय होतं ते बघा. दुसरा रेडर एक हलका स्पर्श करून गडी टिपतो आणि मुख्य रेडरला आत आणतो, की फक्त वेळ काढून परततो? दुसऱ्या आणि तिसऱ्या रेडरची किंमत इथे ठरते.

साखळी कशी पाहायची?

सात जणांची उभं राहण्याची पद्धत साधारण ठरलेली असते. दोन टोकांना दोन कॉर्नर, वर्तमानपत्रांच्या भाषेत कोपरारक्षक. त्यांच्या शेजारी आतल्या बाजूला इन. मग दोन कव्हर, म्हणजे मध्यरक्षक, आणि मधोमध एक. शेजारी शेजारी हात धरून जोड्या किंवा तिघांची साखळी करतात.

पुढचा सामना बघताना एक प्रयोग करा. पहिली दहा मिनिटं रेडरकडे बघूच नका, साखळीकडे बघा. पाच गोष्टी दिसतील.

एक, साखळी एकत्र सरकते का? रेडर डावीकडे गेला की सगळ्यांनी त्या अंदाजाने सरकायला हवं. एक जोडी पुढे आणि दुसरी मागे राहिली की मध्ये फट पडते, आणि चांगला रेडर त्याच फटीची वाट बघत असतो.

दोन, पाय कुठे आहेत? जमिनीला पाय रोवून, गुडघ्यात किंचित वाकून उभा असलेला कॉर्नर घोट्याला हात घालू शकतो. टाचेवर उभा असलेला मागेच पडणार.

तीन, धीर आहे का? ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि फलकावर अजिबात न दिसणारी. बचावपटूने घाईने झेप घेतली आणि पकड सुटली तर तोच बाद, गुण रेडरला. ज्या साखळीने काहीच न करता रेडरला ३० सेकंद नाचवून रिकामं परत पाठवलं, तिने मोठं काम केलेलं असतं. अशा दोन चढाया झाल्या की तिसऱ्या वेळी रेडरला आत घुसावंच लागतं. साखळीला हवी असलेली शिकार स्वतःहून चालत येते.

चार, पकड सुरू कुणी केली आणि पुरी कुणी केली? कॉर्नरने घोटा धरला, पण रेडर ओढत मध्यरेषेकडे निघाला. अशा वेळी कव्हरने येऊन धडक दिली नाही तर रेडरचा हात रेषेला लागतो आणि पकडीत सामील झालेले सगळे बाद होतात. गुण घोटा धरणाऱ्याच्या नावावर लागला तरी तो वाचवला कव्हरने. पकड होताच बाकीचे किती जण आणि किती लवकर धावून येतात, यावर बचावाची जात कळते.

पाच, गडी कमी झाल्यावर काय होतं? तिघंच उरले की कच्चा संघ हातपाय गाळतो आणि लोण चढतो. पक्का संघ इथेच अव्वल पकडीची तयारी करतो. एका पकडीचे दोन गुण आणि वर एक गडी आत. हरत आलेला सामना इथून फिरू शकतो.

मोठ्या मैदानावरची तीन उदाहरणं

२०१८ चं जकार्ता एशियाड आठवा. १९९० साली कबड्डी एशियाडमध्ये आली तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताने जिंकली होती. २०१८ च्या संघात अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, मुंबईचा रिशांक देवाडिगा असे नामांकित रेडर होते. तरी उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असं हरवलं. यू मुंबाकडून खेळलेला फझल अत्राचली त्याच इराणच्या बचावात होता. इतके रेडर असूनही भारताच्या नावावर सगळे मिळून अठराच गुण लागले.

दुसरं उदाहरण प्रो कबड्डीचं. २०१९ च्या हंगामात बंगळुरू बुल्सच्या पवन सेहरावतने चढाईचे ३४६ गुण घेतले, त्या हंगामात सर्वाधिक. त्याचा संघ मात्र उपांत्य फेरीत दिल्लीकडून हरला. एक माणूस किती ओढू शकतो, याची ती सीमा होती.

तिसरं उदाहरण आपल्या शेजारचं. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. कर्णधार होता अस्लम इनामदार, बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा. त्या हंगामातला सर्वोत्तम रेडर दिल्लीचा आशू मलिक ठरला. पुण्याकडे मात्र सर्वोत्तम बचावपटू होता, इराणचा मोहम्मदरेझा शादलू. शिवाय अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चढाई वाटून घेणारे अनेक जण होते. एकावर भार नाही आणि मागे भक्कम साखळी. वर सांगितलेली सगळी गणितं त्या संघात जुळलेली होती.

माती आणि मॅटचा फरक

गावाकडचे बरेच सामने अजून मातीवर होतात आणि वरच्या पातळीवर मॅट असते. मातीवर खेळाडू घसरत जाऊन हात लांबवतो. मॅटवर बुटांमुळे पाय धरून राहतो, त्यामुळे वेग आणि अचानक वळणं जास्त चालतात. मातीवर अप्रतिम घोटा धरणारा कॉर्नर मॅटवर पहिल्या दोन-तीन सामन्यांत उशिरा पोचतो, कारण रेडरचा परतीचा वेग बदललेला असतो. हे त्याचं अपयश समजू नये. त्याची जागा बरोबर आहे का, तो योग्य वेळ ओळखतो का, हे बघावं. वेग सरावाने येतो, नजर सहजी येत नाही.

कागदावर नोंद कशी ठेवायची?

यासाठी संगणक लागत नाही. एक वही आणि पेन पुरे. रेडरसाठी पाच रकाने आखा: एकूण चढाया, बाद केलेले गडी, बोनस, रिकाम्या चढाया, स्वतः किती वेळा बाद. सहाव्या रकान्यात तो बाहेर असताना संघाच्या किती चढाया बुडाल्या ते लिहा. हा आकडा फलकावर कधीच नसतो आणि संघाबद्दल सगळ्यात जास्त तोच सांगतो.

बचावासाठी चार रकाने: पकडीचे प्रयत्न, यशस्वी पकडी, दुसऱ्याच्या पकडीत वेळेवर केलेली मदत, आणि रिकाम्या परत पाठवलेल्या चढाया. शेवटचा आकडा पूर्ण साखळीच्या नावावर लिहायचा.

एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नका. समोरचा संघ कच्चा असेल तर सगळेच वाघ दिसतात. तीन-चार सामन्यांची नोंद झाली की चित्र स्पष्ट होऊ लागतं.

हे एवढं महत्त्वाचं का?

कारण निवडीवर पुढचं बरंच काही अवलंबून असतं. शालेय कबड्डी तालुका, जिल्हा, विभाग आणि मग राज्य अशी चढत जाते. वरची पायरी गाठणाऱ्याला दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळू शकतात. पुढे राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक पातळीवरची कामगिरी आणि तिचं प्रमाणपत्र लागतं. पहिल्या पायरीवरच नाव वगळलं गेलं तर ते प्रमाणपत्र येणार कुठून?

बीडमध्ये याला आणखी एक बाजू आहे. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातली असंख्य कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. अशा घरातल्या पोराला किंवा पोरीला वर्षभर मैदान मिळत नाही. निवडणाऱ्यांच्या नजरेसमोर ती एखाद-दुसऱ्या सामन्यातच येतात. त्या एका सामन्यात तो कॉर्नरला खेळला, साखळी धरून ठेवली, तीन पकडींत मदत केली, आणि नावावर शून्य लागलं, तर गुणफलक बघून निवड करणाऱ्याला तो दिसणारच नाही. रेडर पुढच्या वर्षीही दिसेल, याला कदाचित पुढचं वर्ष मिळणार नाही.

यात आपणही काही करू शकतो. गावातल्या सामन्यांचे व्हिडिओ आता मोबाइलवरच निघतात. रील कापताना आपण रेडरची उडी ठेवतो आणि मागची साखळी कापून टाकतो. पुढच्या वेळी कॅमेरा थोडा मागे घ्या, सातही बचावपटू चौकटीत येतील असा. ३० सेकंदांची चढाई पूर्ण ठेवा, रिकामी गेलेली असली तरी. आणि खाली नावं लिहाल तेव्हा गुण घेणाऱ्याबरोबर घोटा धरणाऱ्याचं आणि मागून धडक देणाऱ्याचंही लिहा. प्रशिक्षकाला किंवा निवड समितीतल्या कुणाला तो व्हिडिओ दिसला, तर शून्य गुणांचा तो कॉर्नरही त्यांना दिसेल.